सुरतेहून एका मतासाठी यायचं का?

(वाचकांचे प्रश्न, आप्पांची उत्तरं. आप्पा जळगाव जिल्ह्यात ग्रामसेवक होते, आता निवृत्त आहेत.)

आप्पा, रामराम. माझं गाव अमळनेर तालुक्यात, वस्ती दोन हजारांच्या आसपास. मी सुरतेला उधन्यात लूमवर कामाला आहे. आई, बायको, पोरं गावीच. पेरणीला आणि कापूस वेचणीला मी घरी येतो. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की भावकीतले फोन सुरू होतात, "ये, गाडी पाठवतो." मजुरी बुडते, शेठचं बोलणं ऐकावं लागतं ते वेगळंच. मन्हा एक मतनं काय फरक पडस? कोणीबी निवडून येवो, आमच्या गल्लीतली गटार तुंबलेलीच. यायचं की नाही, सरळ सांगा.
— एक लूम कामगार, उधना

भाऊ, ये. पण भावकीच्या गाडीने येऊ नको. सुरत-भुसावळ पॅसेंजरने ये, आपल्या तिकिटावर. भावकीच्या गाडीत बसलास की गावात उतरायच्या आधीच तुझं मत कोणाचं, हे लोकांनी ठरवलेलं असतं.

आधी यादीचं बोलू. उधना-लिंबायतला आपली माणसं इतकी आहेत की तिथे अहिराणी बोलून दिवस निघतो. त्यातल्या काहींची नावं दोन्हीकडे आहेत, गावच्या यादीत आणि सुरतेच्याही. कायद्याने नाव एकाच जागी पाहिजे. जो बायकापोरांसकट तिकडचा झाला, ज्याचा नळ तिकडे आणि पोरांची शाळा तिकडे, त्याने सुरत महानगरपालिकेला मत द्यावं. त्याने गावच्या निवडणुकीत येऊन पाच वर्षांचा सरपंच ठरवून निघून जाणं मला पटत नाही. हे बोललो की लोक माझ्यावर चिडतात, चिडू देत. तुझं तसं नाही. तुझं घर गावात आहे, पोटासाठी तू बाहेर आहेस. तात्पुरतं बाहेर राहिल्याने गावचं नाव जात नाही.

आता एका मताचा हिशोब. दोन हजारांच्या गावाला 9 सदस्य, म्हणजे बहुतेक 3 प्रभाग. मतदार चौदाशे धरले तर तुझ्या प्रभागात साडेचारशेच्या आसपास. त्यातले शंभर तुझ्यासारखे बाहेर. उरलेली मतं दोन-तीन उमेदवारांत वाटली की दीड-पावणेदोनशे मतांवर माणूस निवडून येतो. लोकसभेच्या मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतदार असतात. तिथे तू "एका मताने काय होतं" म्हणालास तर मी फार वाद घालणार नाही. ग्रामपंचायतीत दोन उमेदवारांना सारखी मतं पडलेली मी स्वतः पाहिली आहेत. तहसील कचेरीत मतमोजणी होती. दोन चिठ्ठ्या लिहिल्या, सारख्या घड्या घातल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि कोणाच्या तरी बरोबर आलेल्या लहान पोरीला एक उचलायला लावली. कायद्यात तशीच सोय आहे. हरलेल्याचा सख्खा चुलत भाऊ त्या दिवशी वापीला कामावर होता. पुढची पाच वर्षं त्या दोन घरांत काय चाललं असेल, ते तुला सांगायला नको.

पण तुझं खरं दुखणं गटारीचं आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. तू मत कोणाला दिलंस हे गुप्त असतं. तू आलास की नाही, हे गुप्त नसतं. बूथवर प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी यादी घेऊन बसलेला असतो आणि नाव पुकारलं की खूण करतो. त्या याद्या कोणी फेकत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत कपाटात ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. लाल पेनाच्या बरोबरच्या खुणा, आणि खूण नसलेल्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलेलं "सुरत", "पुणे", "मयत". तिन्ही शब्द एकाच अक्षरात, एकाच रांगेत. ज्या गल्लीत असे शेरे जास्त, ती गल्ली कारभाऱ्याच्या हिशोबातून जाते. तो तिचा राग करत नाही, तिला मोजतच नाही.

आणि मोजण्यावरच सगळं आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 80 टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीला ठरला. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला 10-10 टक्के. त्या पैशातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता, म्हणजे गटार त्यातच बसत होती. मग ती होत का नाही? कारण कोणत्या गल्लीची गटार आधी, हे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात लिहावं लागतं. आराखड्यात नाव नाही तर पैसा पडून असला तरी काम निघत नाही. आराखडा ग्रामसभेपुढे येतो खरा. पण 2 ऑक्टोबरच्या किंवा 26 जानेवारीच्या ग्रामसभेला किती माणसं असतात, ते तुला ठाऊक आहे. बऱ्याच गावांत ग्रामसेवक, शिपाई आणि झेंड्याला आलेले मास्तर. प्रोसिडिंगवरच्या, म्हणजे सभेच्या नोंदवहीतल्या, सह्या मागाहून घरोघर फिरून घेतात. एवढी वर्षं मी त्याच खुर्चीत होतो, म्हणून लिहितो. अशा सभेत ज्याचा सदस्य तोंड उघडतो त्याची गल्ली आराखड्यात जाते. तुझ्या बायकोला सांग, पुढच्या ग्रामसभेला गल्लीतल्या चार जणी घेऊन जा आणि गटारीचं नाव लिहून घेतल्याशिवाय उठू नका. गावच्या पैशाचा जमाखर्च ई-ग्रामस्वराजच्या वेबसाइटवर तुला उधन्यात बसून मोबाइलवर बघता येतो. बघ, आणि सदस्याला फोन कर. मत देऊन आलेल्याचा फोन तो उचलतो.

एक बारीक गोष्ट आईसाठी. ग्रामपंचायतीला एकच बटन नसतं. सरपंचाचं एक, आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेचं एकेक. म्हाताऱ्या बाया पहिलं बटन दाबून निघतात. केंद्राध्यक्ष हाक मारतो तर म्हणतात, "दाबी दिधं ना भाऊ, आते काय?" शेवटचं मत झाल्यावर लांब शिटी वाजते. ती ऐकल्याशिवाय बाहेर यायचं नाही, एवढं आईला फोनवर सांगून ठेव.

आप्पा, आमच्या गावात ज्येष्ठ मंडळींनी ठरवलंय की यंदा निवडणूक बिनविरोध करायची. मंदिराच्या बांधकामाला जो सगळ्यात जास्त देईल तो सरपंच. भांडणं टळतील, मंदिरही पुरं होईल. यात वाईट काय? माझ्या मिस्टरांना हे पटतं, मला पटत नाही, पण नीट सांगता येत नाही.
— एक बचत गटाच्या अध्यक्षा, शहादा तालुका

ताई, तुम्हाला लांब जायला नको. तुमच्याच जिल्ह्यातलं खोंडामळी घ्या. 15 जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतींचं मतदान होतं. त्याच्या तोंडावर सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातल्या उमराण्याचीही त्याच वेळी रद्द झाली. तेव्हा "देवाचं काम आहे, कोण विचारतो" असं कोणी म्हटलं तर ही दोन नावं सांगा.

बिनविरोध म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. गावाने खरंच एक चांगला माणूस एकमताने निवडला तर उत्तम. पण तुमच्या त्या बैठकीत बाया किती होत्या? वस्तीवरची भिल्ल मंडळी होती का? मजुरीला गुजरातेत गेलेल्यांना कोणी विचारलं? आठ-दहा पागोटी पारावर बसली आणि सगळ्या गावाचं मत आपल्या खिशात घातलं, त्याला एकमत म्हणत नाहीत. 2011 पासून आपल्याकडे पंचायतीतल्या निम्म्या जागा बायांना आहेत. लिलावात बोली मात्र ज्याच्या नावावर सातबारा तोच लावतो.

शिवाय बोली लावणारा काही दानधर्म करत नाही. तो पैसे वसूल करणार, ते पाइपलाइनीतून करेल नाहीतर घरकुलाच्या यादीतून. मिस्टरांना विचारा, त्या सरपंचाकडे तुम्ही पाण्याची तक्रार घेऊन गेलात आणि तो म्हणाला, "मी फुकट नाही झालो सरपंच," तर काय उत्तर द्याल? तो मतं मागायला तुमच्या दारी आलेलाच नसेल.

लग्न होऊन साक्रीकडून चोपड्याला आले, नाव अजून माहेरच्याच यादीत. निवडणूक लागल्यावर बदलता येईल ना?
— एक वाचक

लागल्यावर नाही हो, आजच बदला. ग्रामपंचायतीची वेगळी यादी नसतेच. विधानसभेची यादीच प्रभागवार फोडतात, आणि तीही राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेला जशी असेल तशी. त्या तारखेनंतर जोडलेलं नाव त्या निवडणुकीत चालत नाही. पत्ता बदलायला फॉर्म नंबर 8 भरायचा, मोबाइलवरून किंवा गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याकडे. बीएलओ बहुतेक अंगणवाडीच्या ताई नाहीतर शाळेतले मास्तर असतात. नवीन नावासाठीचा फॉर्म नंबर 6 भरू नका, नाहीतर नाव दोन जागी होऊन बसेल. पोचपावतीचा नंबर लिहून ठेवा. प्रभागाची प्रारूप यादी लागली की ग्रामपंचायतीच्या फलकावर स्वतः जाऊन बघा. नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेलं असेल तर हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात.