पोराने टिक केली, झोप आईची उडाली

परवा एक ताई आल्या, सोबत बारावीतला मुलगा आणि पिशवीत व्हॉट्सॲप मेसेजच्या स्क्रीनशॉटची झेरॉक्स, चक्क नऊ पानं. पोराने ट्रेडिंग शिकवणारा ऑनलाइन कोर्स घेतलेला, २४ हजारांचा, हप्त्यावर. पहिला हप्ता साठवलेल्या पैशातून भरला, मग कंटाळा आला नि सोडून दिला. आता रोज फोन, केस टाकू, पोलीस घरी येतील वगैरे.

ताईंचं एकच पालुपद, "मॅडम, त्याने सही कुठं केलीय, नुसती टिक केलीय!" पण हा मुद्दा टिकत नाही हो. तीच टिक तुम्ही-आम्ही केली असती तर अंगाशी आली असती, करार ऑनलाइन झाला एवढ्यावरून तो बाद होत नाही असं आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं. इथे वाचवतंय ते पोराचं वय. १८७२ च्या करार कायद्यात कलम ११ आहे, करार करायला १८ पूर्ण लागतात, आणि १९०३ सालीच प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) मोहरीबीबीच्या केसमध्ये सांगून टाकलंय की अज्ञानाचा करार मुळापासूनच रद्दबातल. (कायद्याच्या मराठीत अल्पवयीनाला 'अज्ञान' म्हणतात, हे ऐकून पोरगा पहिल्यांदा हसला.)

मग नखं कुरतडत हळूच म्हणाला, "मॅम, मी जन्मसाल खोटं टाकलं होतं." आईने कपाळावर हात मारला. खोटं बोलला हे वाईटच, पण तेवढ्याने करार लागू होत नाही, फार तर कोर्ट म्हणेल की मिळालेल्यातलं जे हातात उरलंय ते परत कर, आणि इथे तर लॉगिन कंपनीने कधीच बंद केलेलं.

माझी भीती वेगळी होती. हप्त्यांसाठी आईबापाचं पॅनकार्ड किंवा ओटीपी वापरून कर्ज निघालं असेल तर तो करार पोराचा राहत नाही, मोठ्यांच्या गळ्यात येतो आणि निस्तरणं अवघड होतं. ताईंचा फोन तिथेच बसून तपासला, नशिबाने तसलं काही नव्हतं. मग वयाचा पुरावा जोडून, करार रद्दबातल आहे आणि फोन बंद करा, एवढंच लिहून मेल टाकायला लावला.

निघताना पोरगा दारातून मागे आला, "मॅम, मार्चमध्ये अठरा पूर्ण होतील, मग?" म्हटलं, जुना करार तुझ्या वाढदिवसाने जिवंत होत नाही, तू नंतर हो म्हणालास तरी नाही. पण कोर्स रिन्यू करा, सेटलमेंट करा अशी नवी लिंक आली तर बोट लावू नकोस रे बाबा.