मानेवरचा काळेपणा आणि पत्रातली शेवटची ओळ

प्रश्न : माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, आता मिनीबस चालवतात. वर्षभरात त्यांची मान मागून काळी पडली आहे, मळ साचल्यासारखी. लिंबू, बेसन, वजरीनं घासणं सगळं करून झालं. रात्री तळपायांची आग होते, म्हणून थंड लादीवर पाय टेकवून झोपतात. चष्म्याचा नंबर थोड्या महिन्यांत दोनदा बदलला. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता आहे, सोलांचं (कोकमाचं) पाणी दे. बाकी तब्येत ठणठणीत. फक्त यंदा पारोड्याला चंद्रेश्वराच्या पायऱ्या चढताना छाती जड झाली म्हणून मध्येच बसावं लागलं, पण ते वयामुळे असेल. मानेसाठी एखादं मलम सुचवाल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, मलमाचं नंतर बघू. तुम्ही शेवटी सहज लिहिलंत, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चढताना छाती जड होणं आणि बसल्यावर उतरणं हे ५१ व्या वर्षी वयाचं लक्षण नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की असंच होतं. त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या आणि पायऱ्यांचा प्रसंग जसाच्या तसा सांगा. नुसता ईसीजी नीट आला म्हणून परत फिरू नका. बसल्या जागी काढलेला ईसीजी अशा माणसाचाही नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे पुढची तपासणी काय लागेल ते विचारा. आणि बसलेले असताना छातीत जडपणा आला, घाम फुटला, दम लागला किंवा कळ जबड्यात, डाव्या हातात गेली, तर १०८ ला फोन करा. त्यांना स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका.

आता मान. हा मळ नव्हे, त्यामुळे घासून तो निघणार नाही, उलट कातडी सोलवटेल. हात लावून पाहा, मखमलीसारखी जाड लागेल. काखेतही तसंच असण्याची शक्यता आहे. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाही तेव्हा रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्यानं घड्यांमधली कातडी जाड, काळी होते. त्यात पायांची आग आणि बदलता नंबर मिळवला की माझा पहिला संशय मधुमेहावर जातो. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, ओसरतं, म्हणून नंबर हलतो. साखर काही आठवडे स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील. डोळ्यांचा पडदा मात्र थेंब घालून तपासून घ्या, कारण तो बिघडू लागला तरी दिसण्यात आधी काही फरक पडत नाही.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.५ किंवा जास्त, आणि दुसऱ्या तपासणीतही तसंच, तर मधुमेह नक्की. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आढळलं ते आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. माझ्या दवाखान्यात हे रोज दिसतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण बहुतेकांच्या अंगावर खुणा आधीपासून असतात.

पायांची आग बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानं, थायरॉइडनं किंवा दारूनंही होते, तेव्हा तेही तपासून घ्या. तोवर गरम पाण्याचा शेक देऊ नका. आग होणारा पाय बधिरही असू शकतो, आणि बधिर पायाला चटका कळत नाही. देवळाच्या अंगणातल्या तापलेल्या लाद्यांवरून अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे फोडांनी भरलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांना ते घरी आल्यावर समजलं. रोज रात्री तुम्हीच त्यांचे तळवे पाहत जा. पावसात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. वजन उतरलं आणि साखर ताब्यात आली की मान हळूहळू निवळते. सोलांचं पाणी द्यायला हरकत नाही, पण साखर न घालता.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. नखांवर पांढरे ठिपके येतात. आई म्हणते कॅल्शियम कमी आहे, म्हणून तिनं गोळ्या आणल्या आहेत. मला त्या घ्याव्या लागतील का? हल्ली अभ्यास करताना कच्चे तांदूळ चावायची सवय लागली आहे, त्यानं काही होत नाही ना?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : बाय, ते ठिपके बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीक ठोकरांचे. नख वाढलं की पुढे सरकून निघून जातात. कॅल्शियमशी त्यांचा संबंध नाही.

कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं काही खावंसं वाटणं ही अनेकदा लोह कमी झाल्याची खूण असते. आरशात खालची पापणी ओढून बघ, आतून फिकट आहे का. जिना चढताना धाप लागते का, केस गळतात का, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त किंवा फार अंगावर जाते का, हेही डॉक्टरांना सांग. सांगायला लाजू नकोस. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन तपासून घे. हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरी शरीरातला लोहाचा साठा आधीच आटलेला असू शकतो, आणि तो फेरिटिनवरून कळतो.

जेवणात तिसऱ्या, खुबे असे शिंपले, तांबडी भाजी (लाल माठ) असू दे, पण साठा आटला असेल तर नुसत्या जेवणानं भरत नाही, गोळ्या लागतात. लोहाच्या गोळीबरोबर चहा आणि आईची ती कॅल्शियमची गोळी घेऊ नकोस, दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळी होईल, घाबरू नकोस. आणि हिमोग्लोबिन वर आल्यावर लगेच थांबवू नकोस. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.