इन्सेक्ट सेलमध्ये बॅक्युलोव्हायरस वापरून प्रोटीन बनवणं कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, मानवी कायनेज (दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) ई. कोलाय बॅक्टेरियात बनवायला गेलं की सगळं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यात जाऊन बसतंय, गाईड म्हणतात बॅक्युलोव्हायरस करा, पण घरचे व्हायरस म्हटल्यावर घाबरलेत आणि लॅबमध्ये सीओटू इन्क्युबेटर पण नाही. गाईड बरोबर बोलतायत. कायनेजसाठी ही सिस्टीम जगभर वापरतात आणि सीओटू तर लागतच नाही.

आधी घरच्यांचं बघू. हरभऱ्यावर घाटेअळी पडली की एचएनपीव्ही नावाचं विषाणूचं जैविक कीटकनाशक फवारतात ना, ज्यानं अळी शेंड्याला जाऊन उलटी लटकून मरते, तो याच बॅक्युलोव्हायरस कुळातला विषाणू. माणसात किंवा जनावरात तो वाढत नाही. लॅबमध्ये वापरतात त्याचं नाव एसीएमएनपीव्ही, आणि ज्या एसएफ९ सेल्समध्ये तो वाढवतात त्या मुळात लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयापासून काढलेल्या, म्हणजे २०१८ ला भारतात येऊन जिनं मक्याचं वाटोळं केलं तीच अळी!

आता हे चालतं कसं. शेतात अळी मेल्यावर विषाणूला उघड्यावर टिकायचं असतं, म्हणून तो पॉलिहेड्रिन नावाचं प्रोटीन ढिगानं बनवतो आणि त्याच्या स्फटिकात स्वतःला बंद करून घेतो. फ्लास्कमध्ये विषाणू एका सेलमधून दुसऱ्यात सरळ जातो, तिथं हे कवच लागत नाही. मग पॉलिहेड्रिनचा जीन काढायचा, त्याचा तो जबरदस्त प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा, तसाच ठेवायचा आणि त्याच्यापुढं आपला जीन लावायचा. स्मिथ, समर्स आणि फ्रेझर यांनी १९८३ मध्ये असंच मानवी बीटा इंटरफेरॉन बनवून दाखवलं. पुण्याच्या सीरमची कोविडची लस कोवोव्हॅक्स, जिला डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, तिच्यातलं स्पाइक प्रोटीनपण एसएफ९ मध्येच बनतं.

तुम्हाला बॅक-टू-बॅक (Bac-to-Bac) ही तयार किटची पद्धत सोपी पडेल. पीफास्टबॅक या प्लास्मिडमध्ये जीन टाकायचा, डीएच१०बॅक या ई. कोलायमध्ये ट्रान्सफॉर्म करायचं, जीन बसलेल्या पांढऱ्या कॉलनी घ्यायच्या, त्यातून बॅकमिड (बॅक्टेरियात वाढणारा विषाणूचा अख्खा डीएनए) काढून एम१३ प्रायमरनं पीसीआर करून बघायचा. बॅकमिड १३५ केबीच्या वर असतो त्यामुळं कॉलमवर काढू नका, आयसोप्रोपेनॉलनं काढा, व्हॉर्टेक्स करू नका, सारखं गोठवून वितळवू नका.

पण खरं काम इथून पुढं आहे आणि मुलं इथंच घाई करतात, सगळं लक्ष क्लोनिंगवर आणि व्हायरस स्टॉककडं कोण बघत नाही. बॅकमिड एसएफ९ सेल्समध्ये घातल्यावर (ट्रान्सफेक्शन) जो विषाणूचा पहिला स्टॉक मिळतो तो पी१. त्यापासून पुढचा स्टॉक, पी२, करताना व्हायरस कमी घालायचा, एमओआय (एका सेलमागं किती विषाणू) ०.१ च्या आसपास, कारण जास्त घातला की अर्धवट जीनोमचे कण माजतात, ते स्वतः काही करत नाहीत पण चांगल्या विषाणूची जागा खातात आणि पुढच्या प्रत्येक पॅसेजला प्रोटीन घटत जातं. म्हणून पी२, फार तर पी३, त्याच्या पुढं जाऊच नका, परत पी१ कडं या. टायटर, म्हणजे एक मिलीत किती लागण करणारे विषाणू आहेत ते मोजा, अंदाजानं घालू नका. स्टॉक ४ अंशाला, थोडा सीरम घालून, फॉइल गुंडाळून अंधारात ठेवा. एचएनपीव्ही संध्याकाळी फवारायला सांगतात ते पण उजेडानं विषाणू मरतो म्हणूनच.

प्रोटीन काढायला मात्र एमओआय २ ते ५ घ्या म्हणजे सगळ्या सेल्सना एकदम लागण होते. सेल्स फुगतात, वाढ थांबते, ४८ ते ७२ तासात काढून घ्या, जास्त थांबलात तर सेल फुटून प्रोटिएज बाहेर येतात.

सेल्स २७ अंशाला वाढतात. परदेशातल्या प्रोटोकॉलमध्ये साधा इन्क्युबेटर पुरेल असं वाचाल, पण आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये खोलीच त्याच्या कितीतरी वर असते, तेव्हा कूलिंगवाला बीओडी इन्क्युबेटर आणि शेकर पण कूलिंगचाच पाहिजे, नुसता गरम करणारा उपयोगाचा नाही. लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर काय चालेल तेही आधी विचारून ठेवा.

प्रोटीनवरच्या साखरेच्या साखळ्यांचं म्हणाल तर इन्सेक्ट सेल त्या जोडतात (ग्लायकोसिलेशन) पण माणसासारखं पूर्ण नाही, शेवटचं सायलिक ॲसिड जोडलं जात नाही. कायनेजला त्यानं फरक पडत नाही. फक्त पूर्ण लांबीचं बनवताय का नुसतं कायनेज डोमेन, आणि प्रोटीन शुद्ध करायला लावतात तो टॅग कुठल्या टोकाला लावलाय, एवढं लिहून कळवा, कन्स्ट्रक्ट बघून सांगतो.