टिकी बारमधली ‘टिकी’ आणि ‘माई ताई’

प्रश्न असा आला आहे: “जर्मनीत शिकणाऱ्या भाचीनं तिथल्या एका ‘टिकी बार’च्या मेनूचा फोटो पाठवला. टिकी म्हणजे आपली टिकली किंवा टिक्कीच का? ‘माई ताई’ हे पेयाचं नाव कुणा भारतीयानं ठेवलं का? आणि अशा बारला मराठीत काय म्हणावं?”

टिकी बार म्हणजे पॉलिनेशियाच्या धर्तीवर सजवलेला अमेरिकन धाटणीचा बार. आधी नात्याचं बघू. टिकली, टिक्का, टिक्की हे शब्द प्राकृतातल्या ‘टिक्क’चे वंशज आहेत. त्याचा अर्थ ठिपका, खूण. बारमधली टिकी पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन भाषांमधून आली आहे आणि त्या भाषांचं कुळ ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलाय, तागालोग आणि मादागास्करची मालागासी ज्या कुळातल्या त्याच कुळातल्या. दोन्हींत उच्चाराच्या साम्यापलीकडे काही नाही. ‘माई ताई’चंही तसंच, पण त्या नावाची गोष्ट सुरेख आहे, ती पुढे सांगतो.

न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत तिकी हा पहिला पुरुष. काही कथांत त्याला ताने या देवानं घडवलं, काहींत दुसऱ्या देवानं. मार्केसास बेटांवर तिकी म्हणजे आद्य पूर्वज आणि त्याची दगडात किंवा लाकडात कोरलेली मूर्ती: डोळे मोठे गोल, हात पोटावर, गुडघे किंचित वाकलेले. माओरी लोक हिरव्या जेडची जी मानवाकृती गळ्यात घालतात ती ‘हेइ-तिकी’. ‘हेइ’ म्हणजे गळ्यात घालायचं. असं पदक घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत येतं, त्याला स्वतःचं नावही असू शकतं. थोडक्यात, शब्दाच्या पोटात पूर्वज आहे. (बेटांवरच्या भाषांमधली रूपं मी इथे ‘त’नं लिहितो आहे आणि इंग्रजीतून आलेली ‘ट’नं. मूळ अक्षर दोन्हीकडे एकच. आपणही ताहिती ‘त’नं आणि टोंगा ‘ट’नं लिहितो.)

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हाच शब्द ताहितीत ‘ति’ई’ होतो आणि हवाईत ‘कि’ई’. मधल्या चिन्हाचा उच्चार अवघड नाही. तोंड न उघडता आपण ‘अं-अं’ असा नकार देतो तेव्हा दोन स्वरांच्या मध्ये घशात एक अडकण येते, तीच ती. या भाषांत ते पूर्ण व्यंजन आहे. ताहितीत जुन्या ‘क’च्या जागी ही अडकण आली. हवाईतही ती आली, आणि शिवाय जुन्या ‘त’चा ‘क’ झाला. तिकी, ति’ई, कि’ई: दोन नियम लावले की तिन्ही रूपं आपोआप मिळतात. हे बदल शब्दागणिक लहरीनं होत नाहीत. माओरी ‘तापू’, म्हणजे पवित्र म्हणून निषिद्ध, हवाईत ‘कापू’ होतो. (इंग्रजीतला ‘टॅबू’ याच शब्दाच्या टोंगातल्या रूपावरून आला, कॅप्टन कुकच्या १७७७ मधल्या मुक्कामानंतर.) आपल्या अळूचं नाव ताहितीत ‘तारो’, हवाईत ‘कालो’. न्यूझीलंडचं ऑकलंड आणि हवाईचं होनोलुलू यांच्यामध्ये सुमारे ७००० किलोमीटर समुद्र आहे, तरी नियम पाळलेला आहे.

हे दोन नियम हाताशी ठेवून टिकी बारांच्या पाट्या वाचा. पाट्या बोलू लागतात.

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९६१ साली ‘काहिकी सपर क्लब’ उघडला. पेटत्या ज्योतींच्या अवाढव्य मूर्ती दाराशी होत्या आणि आत शेकडो माणसं एका वेळी जेवत. काहिकी म्हणजे काय? ‘त’च्या जागी ‘क’ झाला आहे हे लक्षात घेऊन उलटं चाला: ताहिती! हवाईयन भाषेत काहिकी म्हणजे ताहिती, आणि तेवढंच नाही, कुठलाही परमुलूख. माओरीत याच शब्दाचं रूप ‘ताफिती’सारखं ऐकू येतं आणि त्याचा अर्थ ‘दूर’. समुद्र कुठल्याच बाजूला नसलेल्या त्या शहरात ‘दूरदेश’ नावाचं भोजनगृह जवळपास ४० वर्षं चाललं. १९९७ साली त्याची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत नोंद झाली आणि तरीही २००० साली ते पाडून तिथे औषधांचं दुकान उभं राहिलं. नोंदणीनं इमारत वाचत नाही, हे मला आजही सलतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलात ‘टोंगा रूम’ १९४५ पासून आहे. हॉटेलचा जुना पोहण्याचा तलाव तसाच मध्ये ठेवून भोवती टेबलं मांडली आहेत. तलावातल्या तराफ्यावर वाद्यवृंद वाजवतो आणि अधूनमधून छतातून पाऊस पडतो. तोंगा म्हणजे दक्षिण. हवाईत ‘त’चा ‘क’ आणि अनुनासिक ‘ङ’चा ‘न’ होऊन त्याचं ‘कोना’ झालं, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची बाजू. कोना कॉफी ज्या किनाऱ्यावरून येते त्याचं नाव हेच.

हे बार पॅसिफिकमधल्या कुणी काढले नाहीत. अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या, बरंच जग फिरलेल्या तरुणानं हॉलिवूडमध्ये छोटा बार टाकला. तो पुढे ‘डॉन द बीचकोंबर’ म्हणून गाजला आणि गँटनं स्वतःचं नावही कायद्यानं बदलून डॉन बीच करून घेतलं. भिंतीला बांबू आणि चटया, छताला मासेमारीची जाळी. पेल्यात मात्र कॅरिबियनची रम, कारण बंदी उठली तेव्हा ती स्वस्त आणि मुबलक होती. पाककृती फुटू नयेत म्हणून त्यानं मिश्रणांना सांकेतिक नावं आणि आकडे दिले होते. बारमागे प्रत्यक्ष हात चालायचे ते बहुतेक फिलिपिनो कामगारांचे. त्यांच्यापैकी रे बुएन यांनी १९६१ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘टिकी-टी’ नावाचा स्वतःचा बार काढला. तो अजून त्यांच्या घराण्याकडे आहे. टिकी बारांच्या गोष्टीत गँटचं नाव नेहमी येतं, बुएन यांचं क्वचित. म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

तेव्हा यांना टिकी बार म्हणत नसत. शब्द होता ‘साउथ सीज’, दक्षिण समुद्रांचा. टिकी हे नाव १९५० च्या दशकात वर आलं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये राहून आलेले लाखो सैनिक घरी परतले होते. १९४७ साली नॉर्वेचा थॉर हायरडाल ‘कॉन-टिकी’ नावाच्या तराफ्यावरून पेरू ते तुआमोतू बेटं असा १०१ दिवसांचा प्रवास करून जगभर गाजला होता. ते नाव त्यानं दक्षिण अमेरिकेतल्या एका देवतेवरून घेतलं आणि मार्केसासच्या तिकीशी त्याचा धागा जोडला. तो धागा टिकला नाही. पॉलिनेशियन लोक पश्चिमेकडून, आग्नेय आशियाच्या बाजूनं गेले हे भाषा आणि जनुकं दोन्ही सांगतात. पण ‘टिकी’ हा शब्द लोकांच्या जिभेवर बसायला त्या तराफ्याचा हात लागला असं मला वाटतं. १९५९ साली हवाई अमेरिकेचं राज्य झालं आणि लाट शिगेला पोचली.

आता माई ताई. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरॉनचा बार १९३४ चा. तो पुढे ‘ट्रेडर व्हिक्स’ झाला. बर्जरॉनच्या सांगण्यानुसार १९४४ साली त्यानं १७ वर्षं मुरलेली जमैकन रम, लिंबाचा रस, संत्र्याची लिकर आणि बदामाचं गोड सरबत एकत्र करून ताहितीहून आलेल्या मित्रांना दिलं. चव घेताच त्यांच्यातल्या एकीच्या तोंडून निघालं, “माइता’ई रोआ आ’ए!” झकास, याहून सरस नाही! पेयाचं नाव पडलं. (श्रेयावर डॉन बीचनंही हक्क सांगितला होता. पाककृतीच्या त्या वादात मी शिरत नाही. शब्द ताहितीचा, एवढं पक्कं.) इंग्रजी लेखनात घशातली अडकण गळाली आणि एका शब्दाचे दोन झाले. म्हणून ते मराठी कानाला दोन नात्यांसारखं ऐकू येतं.

कुक बेटांच्या रारोतोंगात ‘चांगलं’ला ‘मेइताकी’ म्हणतात. आभार मानायलाही हाच शब्द. ताहितीत ‘क’ गेला: माइता’ई. हवाईत ‘त’चाही ‘क’ झाला: माइका’ई. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला १९५६ पासून ‘माय-काय’ नावाचं भव्य पॉलिनेशियन भोजनगृह आहे. २०२० साली छताचं नुकसान होऊन ते बंद पडलं आणि डागडुजीनंतर २०२४ च्या अखेरीस पुन्हा उघडलं. त्याचं नाव म्हणजे हाच हवाईयन ‘माइका’ई’. माय-कायमध्ये बसून कुणी माई ताई मागवली की एकच शब्द दोन बेटांच्या रूपांत उच्चारला जातो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो तुमच्यापर्यंत पोचावा म्हणूनच हे उत्तर एवढं लांबलं.

तुमच्या फोटोतल्या मेनूत ‘लुआउ’ आणि ‘पूपू’ हे शब्दही आहेत. लुआउ म्हणजे आज हवाईची मेजवानी. मूळ ‘लू’आउ’ म्हणजे अळूची कोवळी पानं! नारळाच्या दुधात शिजवलेली ही पानं मेजवानीत हमखास असायची म्हणून एकोणिसाव्या शतकात मेजवानीलाच ते नाव चिकटलं. आधीचे शब्द वेगळे होते. अळूच्या फदफद्याशिवाय लग्नाची पंगत पुरी न वाटणाऱ्या आपल्या लोकांना हा अर्थविस्तार समजावून सांगावा लागणार नाही. लू’आउ आणि अळू यांचा ध्वनी जवळ वाटतो, पण तेवढ्यावरून नातं जोडू नका.

पूपू म्हणजे मुळात शिंपला किंवा शंख, आणि तोंडी लावायचं काही. पूर्वी हे तोंडी लावणं असायचं ‘कावा’ या पेयाबरोबर. कावा त्याच नावाच्या झुडपाच्या मुळांपासून करतात, आणि ते झुडूप आपल्या मिरीच्या आणि विड्याच्या पानाच्या वेलींचं सख्खं भावंड आहे. वनस्पतिशास्त्रात तिन्ही एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) येतात. टिकी बारमध्ये कावा क्वचितच मिळतो. तिथल्या पूपूच्या थाळीत असतात कॅन्टनच्या पद्धतीचे तळलेले पदार्थ आणि चीज भरलेलं ‘क्रॅब रंगून’, ज्याचा रंगूनशी नावापुरता संबंध आहे.

आणखी एक शब्द सांगतो, कारण तो आपल्याकडे आहे आणि विसरला जातो आहे. या बारांच्या छताला जी बाजूला लाकडी तरंगी जोडलेली होडी टांगलेली असते, तिच्यासाठी लोक सर्रास ‘आउटरिगर’ लिहितात. त्या तरंगीला मराठीत ‘उलांडी’ म्हणतात. कोकण किनाऱ्यावर उलांडीच्या होड्या आहेत, आणि ही बांधणी हिंदी महासागरात ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दींनी पसरवली असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा टिकी बारमधल्या वस्तूंपैकी आपल्याशी खरा दुवा असेल तर तो टिकीचा नाही, उलांडीचा.

शब्द वापरताना थोडी जाणही हवी. १८१९ साली हवाईच्या राजघराण्यानं कापूची व्यवस्था मोडली आणि देवळांतल्या लाकडी कि’ई जाळल्या गेल्या. कू देवाच्या मोठ्या मूर्तींपैकी तीनच उरल्या. त्या होनोलुलू, लंडन आणि मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या संग्रहालयांत आहेत. १८९३ साली राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं गेलं, १८९८ साली बेटं अमेरिकेनं ताब्यात घेतली. नंतर त्याच पूर्वजांचे चेहरे चिनी मातीचे मग होऊन बारमध्ये आले. अनेक माओरी आणि हवाईयन माणसांना हे दुखतं, आणि ते दुखणं मला रास्त वाटतं. काही नवे बारमालक म्हणूनच ‘टिकी’ टाळून ‘ट्रॉपिकल बार’ म्हणतात आणि मूर्ती ठेवत नाहीत.

राहिला मराठी प्रतिशब्द. ‘टिकी बार’ तसाच ठेवा. हा शब्द एका अमेरिकन गोष्टीचं नाव आहे, आणि पहिल्या उल्लेखात ‘पॉलिनेशियाच्या धर्तीवर सजवलेला अमेरिकन बार’ एवढं सांगितलं की पुरे. ‘पॉलिनेशियन हॉटेल’ म्हटलं की तिथलं जेवण बेटांवरचं असल्याचा समज होतो. ‘आदिवासी बार’ असंही कुठे छापलेलं दिसतं, ते चुकीचं आणि अवमानकारक आहे. लिंगाचं म्हणाल तर मूर्ती या अर्थी ‘ती टिकी’, अनेकवचन ‘टिक्या’ टाळून ‘टिकी मूर्ती’ लिहावं, नाहीतर बटाट्याच्या टिक्या डोळ्यांपुढे येतात. माओरींचा आद्यपुरुष ‘तो तिकी’, आणि तिथे ‘त’च लिहावा. पेय असेल तर ‘माईताई’ जोडून लिहा, मूळ शब्द एकच आहे. भाचीला मात्र सांगा, ताहितीच्या कुणाशी बोलायची वेळ आली तर मधली अडकण सोडू नकोस: माइता’ई.