प्रश्न तुमचे : एआयची सवय आणि कोडवरचा हात

प्रश्न : चार वर्षं जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांवर काम करतो आहे. गेलं दीड वर्ष निम्म्याहून जास्त कोड एआय असिस्टंटकडून लिहून घेतो. हल्ली त्याच्याशिवाय बसलो की हात अडतो. माझं कौशल्य गंजतंय का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : हात कशावर अडतो ते आधी बघा. तारखेच्या फॉरमॅटमध्ये महिन्यासाठी कुठलं अक्षर लागतं हे आठवत नसेल, तर सोडून द्या. ते पूर्वीही शोधूनच लिहीत होता. एरर समोर असताना पहिला संशय कुठे घ्यायचा हे सुचत नसेल, तर मात्र गंज चढायला लागला आहे.

असं का होतं, ते एका साध्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) दिसेल. रोजच्या विक्रीचा रिपोर्ट हवा आहे. ऑर्डरची वेळ डेटटाइम कॉलममध्ये, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेली आहे. असिस्टंट पटकन लिहून देतो : कॉलमला डेट फंक्शन लावून फक्त तारीख काढा, ग्रुप बायने तारखेनुसार गट करा, बेरीज घ्या. क्वेरी चालते, आकडेही बरे दिसतात. पण भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आलेली प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवसात जमा होते. १ एप्रिलच्या पहाटेची विक्री ३१ मार्चला, म्हणजे थेट गेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. हिशेब बघणाऱ्या माणसाचा फोन येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

कोड तपासणाऱ्या टेस्टने हे पकडायला हवं होतं. पण टेस्टही त्याच असिस्टंटने लिहिलेली, आणि तिच्यातल्या सगळ्या ऑर्डरी दुपारी बाराच्या. जो विचार कोडमधून सुटला, तोच टेस्टमधूनही सुटला.

दुरुस्ती अशी : ५ मार्चचा रिपोर्ट हवा, तर ४ मार्च १८:३० यूटीसी किंवा त्यानंतरच्या, आणि ५ मार्च १८:३० यूटीसीच्या आधीच्या नोंदी घ्या. शेवटची वेळ वगळायची, नाहीतर बरोबर १८:३०ची ऑर्डर दोन्ही दिवसांत मोजली जाईल. यात आणखी एक फायदा आहे. क्वेरीच्या 'वेअर' या अटीत कॉलमलाच फंक्शन गुंडाळलं की त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोध लवकर लावणारी सूची) वापरला जात नाही. अशी सरळ हद्द दिली की वापरता येतो.

ही क्वेरी स्वतः लिहिणारा माणूस 'दिवस म्हणजे कुठला दिवस?' इथे दोन मिनिटं तरी थबकतो. आयती मिळाली की ते थबकणं होतच नाही. सिंटॅक्स विसरण्यापेक्षा हे नुकसान मोठं.

म्हणून एआय बंद करू नका, कामाची वाटणी बदला. टेस्टच्या कडेच्या केसेस (टोकाच्या परिस्थिती) तुम्ही आधी मराठीत चार ओळींत लिहा, कोड त्याला लिहू द्या. बग आला की पहिली वीस मिनिटं असिस्टंट मिटलेला : ट्रेसबॅक (एरर कुठून आला ते दाखवणारी यादी) खालून वर वाचा, एक अंदाज कागदावर लिहा, तो खोटा पाडता येतो का बघा. 'काल चालत होतं' या प्रकाराला गिट बायसेक्ट ही निम्मे-निम्मे करत शोधणारी कमांड आहे. हजार कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) बिघडलेलं कमिट साधारण दहा पायऱ्यांत सापडतं. एडिटरमधली टाइप करता करता येणारी सूचना बंद ठेवा, चॅट चालू राहू द्या. विचारावं लागलं की निदान प्रश्न तरी मनात तयार होतो.

वेळ वाचतो या भावनेवरही फार विसंबू नका. अमेरिकेतल्या 'मीटर' या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरांच्या मिळून २४६ कामांवर प्रयोग केला. एआयची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम झाल्यावरही त्यांची समजूत होती की २० टक्के वेळ वाचला. हा प्रयोग कौशल्य मोजणारा नव्हता, आणि ती माणसं आपापल्या ओळखीच्या कोडवर काम करत होती. पण आपल्याच कामाचा अंदाज किती चुकू शकतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी शिकताना एआय वापरू का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : लिहायला नको, लिहिलेलं मोडायला वापरा. लिंक्ड लिस्टमधून नोड काढणं, बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी निम्मी करत शोधणं), स्ट्रिंग उलटी करणं एवढं तरी कोऱ्या फाइलवर लिहा. अडलात तर २५ मिनिटांनी इशारा मागा, कोड नको. जीसीसी या कंपायलरला सगळ्या वॉर्निंग, डीबग माहिती (-g) आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू करा. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरलीत तर तो नेमकी ओळ दाखवतो. मग असिस्टंटला सांगा : 'हा कोड फसेल असे पाच इनपुट दे.'

बायनरी सर्चला सोपं समजू नका. मधली जागा काढायला लो आणि हाय या दोन टोकांची बेरीज करून निम्मे केले, की खूप मोठ्या ॲरेवर बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊन इंट या पूर्णांकाच्या प्रकारात मावत नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही हीच चूक कित्येक वर्षं होती. ती २००६ मध्ये जाहीर झाली. हायमधून लो वजा करा, निम्मे करा, मग लोमध्ये मिळवा.

प्रश्न : टीममधली नवी मुलं आता आठ-आठशे ओळींचे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये बदल घेण्याची विनंती) पाठवतात. रिव्ह्यू करायचा तरी कसा?
— एक टीम लीड, ठाणे

उत्तर : करूच नका, परत पाठवा. तीनशे ओळींच्या वर पीआर घ्यायचा नाही असं ठरवून टाका. मग लहान होऊन आलेल्या पीआरमधलं एक फंक्शन निवडून लिहिणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : इनपुट रिकामं आलं तर काय होईल, आणि दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर? 'एआयने तसं दिलं' हे उत्तर आलं की पीआर तिथेच थांबवा, ओरडा मात्र करू नका; नाहीतर पुढच्या वेळी मुलं एआय वापरल्याचं लपवतील.

रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये (लागणाऱ्या बाहेरच्या पॅकेजांच्या यादीत) नवं पॅकेज दिसलं तर नाव स्वतः तपासा. असिस्टंट अस्तित्वात नसलेल्या पॅकेजांची नावं बेधडक सुचवतो, आणि अशा नावाने घातक कोड पायपीआय किंवा एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारांवर आधीच कुणी टाकून ठेवलेला असू शकतो. पहिली आवृत्ती कधी आली, सोर्स कोड कुठे आहे, एरवी ते कोण वापरतं हे बघायला पाच मिनिटं लागतात. पॅकेज गेल्याच आठवड्यात आलेलं असेल, तर इन्स्टॉलची कमांड कुणाच्याच लॅपटॉपवर चालवू देऊ नका.