वाचकांचे प्रश्न : शाई, कागद आणि पाणी

प्रश्न : मी काळ्या शाईने अमूर्त रेखाटने करते. उन्हाळ्यात ज्या कागदावर रेषा स्वच्छ उमटत होती, त्याच कागदावर पावसाळ्यात ती फुटते आणि तिला तंतू सुटतात. शिवाय वाळलेल्या रेषेवरून पातळ शाईचा हात फिरवला की मूळ रेषाच विरघळते. शाई बदलावी की कागद?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिला दोष कागदाचा आहे, दुसरा शाईचा.

शाई एकदम शोषली जाऊ नये म्हणून कागद तयार करताना त्याला जिलेटिन, स्टार्च किंवा तत्सम पदार्थाची खळ दिलेली असते. साताऱ्याच्या पावसात उघडा राहिलेला कागद ओल धरतो, खळ कमकुवत होते आणि शाई पृष्ठभागावर थांबण्याऐवजी तंतूंच्या वाटेने आत शिरते. म्हणून कागद पिशवीत घट्ट बंद करून, भिंतीपासून दूर, आडवा ठेवावा. खळ गेलेला कागद नुसता वाळवून सुधारत नाही. जिलेटिन आधी गार पाण्यात भिजवून, मग लिटरभर कोमट पाण्यात सुमारे २५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून, रुंद ब्रशने एक पातळ हात द्यावा. मात्र आधी एका तुकड्यावर रेषा ओढून पाहावी.

फाउंटन पेनाच्या शाईतला रंग बहुधा पाण्यात विरघळणारा असतो. तो पाणी लागताच सुटतो आणि उजेडाने फिकाही पडतो. लाखयुक्त इंडियन इंकमधली काजळी मात्र वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. ही शाई फाउंटन पेनात भरू नये, लाख वाळून पेन तुंबते. टाक, ब्रश किंवा बोरूच वापरावा. ती पातळ करायला बोअरचे जड पाणी घेतले तर क्षारांमुळे काजळीच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर बरे.

खरी गंमत कागदाच्या ओलेपणात आहे. कागद चकाकत असताना थेंब टाकला तर तो धुरासारखा पसरतो; चकाकी नुकतीच गेली असताना टाकला तर पसरता पसरता मध्येच थांबतो; कोरड्या कागदावर मात्र थेंबाची कड आधी सुकते, मधले पाणी कडेकडे धावते, सोबत काजळी नेते आणि तिथे गडद किनार सोडते. शाई आपोआप पसरली म्हणजे चित्र अमूर्त झाले, हा समज मला मान्य नाही; ती केव्हा पसरू द्यायची हे चित्रकाराने ठरवलेले असावे लागते.

प्रश्न : घरचे विचारतात, ‘ही नुसती शाईची कामे, यात रंग कधी भरणार?’ काय सांगावे? आणि ही कामे फ्रेम कशी करावीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे कठीण झाल्यावर कागदावर शाईने लहान कामे केली. चित्रकार नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांनी तर शाई आणि पेन्सिलीच्या बारीक रेषांतच आपले प्रमुख काम उभे केले. यांतले काहीही रंग भरण्याची पूर्वतयारी नव्हते, एवढे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, अवश्य घालायला सांगा. काच कागदाला चिकटली की पावसाळ्यात तिच्यावर साचलेली ओल थेट कागदात उतरते आणि बुरशी धरते.