दाई की दवाखाना?

प्रश्न : भाची देपालपूरकडच्या खेड्यात दिली आहे, नववा लागलाय. तिच्या सासूबाई म्हणतात, "सरकारी दवाखान्यातही बाळंतपण नर्सच करते आणि बाया तिथंही दगावतात. मग आमची दाई काय वाईट?" त्यांना काय सांगू? – एक मावशी, इंदूर

उत्तर : मावशी, सासूबाईंचं निम्मं खरं आहे. देशात दवाखान्यातली बाळंतपणं 2005-06 मध्ये 39 टक्के होती, ती 2019-21 पर्यंत 89 टक्क्यांवर गेली. तरी 2018-20 मध्ये आपल्या मध्य प्रदेशात लाख जिवंत जन्मांमागे 173 माता गेल्याच. नर्स तीच, पण तिच्या हाताशी काय आहे ते बघायचं.

बाळ बाहेर येताच मिनिटभरात ती मांडीत ऑक्सिटोसिनची 10 युनिटं टोचते. गर्भाशय आवळतं, रक्त थांबतं. बेंबीखाली हात लावला तर ते चेंडूसारखं टणक लागायला हवं. मऊ लागलं आणि पॅड पाच मिनिटांत भिजलं, तर दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. दाईकडे हे औषध नसतं. वार अडकली की ती नाळ ओढते. त्यानं कधी गर्भाशयच उलटून बाहेर येतं.

हेच इंजेक्शन बाळ होण्याआधी झोलाछाप (बिनपदवीचे) डॉक्टर "दर्द बढ़ाने की सुई" म्हणून टोचतात. ते मुळीच घेऊ देऊ नका. दोन कळांमध्ये उसंत मिळत नाही, बाळ गुदमरतं, गर्भाशय फाटूही शकतं.

दाईला सोबत जरूर न्या, भाचीला धीर येईल. पण आशाताईकडून आजच विचारून घ्या : गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रात्री नर्स असते का? हिमोग्लोबिन 7 च्या खाली, रक्तदाब 140/90 च्या वर, जुळी, बाळ आडवं किंवा आधीचं सिझेरियन असेल, तर तिथं वेळ न घालवता इंदूरचं एमटीएच (मोठा सरकारी दवाखाना) गाठा, तेही कळांची वाट न बघता. गाडीसाठी 108. सरकारच्या जननी सुरक्षा योजनेचे 1400 रुपये मिळतील ते वेगळे.

बाळंतपणानंतर दोन तासांत "घरी न्या" म्हणाले तरी हलू नका, 48 तास राहा. जीवघेणा रक्तस्राव बहुतेक पहिल्या दिवसातच होतो.

आणि वाटेतच झालं तर? बाळ कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांवर गोधडी घाला. रडत नसेल तर पाठ चोळा. उलटं टांगू नका. नाळ कापायची घाई नको. ती तशीच राहू द्या आणि गाडी पुढे हाका.